जुन्या वैद्यकीय सर्वेक्षणांची पंच कार्डे वाचायला देण्यापूर्वी

पंच कार्ड म्हणजे ठरावीक जागी छिद्रे पाडून माहिती नोंदवलेले जाड कागदाचे कार्ड. कार्डांवरची छिद्रे यंत्राने वाचता येत असतील, तर त्यांची फाइल लगेच का मिळत नाही, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. छिद्रे वाचण्याचे काम थोडक्या वेळात होते, पण त्यांचा अर्थ लावायला वेळ लागतो. ज्यांनी ही माहिती नोंदवली त्यांच्याकडे जागा फार कमी होती आणि प्रत्येक नोंद त्या जागेत बसवण्यासाठी घडवलेली होती.

नेहमीच्या कार्डावर 80 स्तंभ आणि 12 ओळी असतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 साली सुरू झालेल्या हृदयरोग अभ्यासात पहिल्या गटात 5,209 स्त्री-पुरुष होते. एका स्तंभात एक अक्षर आणि एवढ्या लोकांचे प्रत्येकी एकच कार्ड धरले तरी 4,16,720 अक्षरे होतात. 1959 साली जाहीर झालेल्या आयबीएम 1401 या संगणकाच्या स्मृतीत जास्तीत जास्त 16,000 अक्षरे मावत. त्यामुळे सर्व रुग्णांची माहिती एकाच वेळी समोर ठेवणे शक्यच नव्हते. यंत्र एक कार्ड वाचे, त्यातील आकडे चालू बेरजांमध्ये मिळवी आणि पुढच्या कार्डासाठी जागा मोकळी करी.

जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवत आणि छातीत दुखणे, धाप लागणे, पायांना सूज येणे अशा अनेक लक्षणांची उत्तरे कधी कधी एकाच स्तंभात वेगवेगळ्या ओळींवर छिद्रे पाडून दिली जात. आम्हाला ही युक्ती अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. मात्र एका स्तंभात एकच अक्षर असते असे गृहीत धरणारा वाचक अशी कार्डे सदोष ठरवून बाजूला टाकतो, आणि अनेक लक्षणे असलेले रुग्णच आकडेवारीतून गळतात.

सर्वाधिक दक्षता रिकाम्या जागांबाबत घ्यावी लागते. त्या काळच्या फोरट्रान या संगणक-प्रोग्रॅमच्या भाषेत आकड्याच्या जागी आलेला रिकामा स्तंभ शून्य म्हणून वाचला जाई. म्हणजे तीन स्तंभांच्या जागेत 12 हा आकडा डावीकडे सरकवून छिद्रित केला गेला, तर तो 120 होई, आणि ज्याचा रक्तदाब मोजलाच नव्हता त्याचा रक्तदाब शून्य ठरे. म्हणून अनेक ठिकाणी न मिळालेल्या माहितीसाठी 9 किंवा 999 असा संकेत छिद्रित करत. तो संकेत न ओळखता हिशेब केला तर काय होते, हे एका उदाहरणावरून दिसते: 99 जणांचा सरासरी वरचा रक्तदाब 140 असेल आणि शंभराव्या कार्डावर 999 असेल, तर सरासरी 148.59 निघते, आणि हा आकडा पाहून कोणालाही संशय येत नाही.

जुन्या छापील तक्त्यांतील आकडे आमच्या नव्या हिशेबाशी तंतोतंत जुळले नाहीत, तर आम्ही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देतो. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत हे काढताना, कार्डांच्या एकाच फेरीत काम उरकण्यासाठी तेव्हा आकड्यांच्या वर्गांची (आकड्याला त्याच आकड्याने गुणून येणाऱ्या संख्यांची) बेरीज करून त्यातून सरासरीचा भाग वजा करत. 5,209 रक्तदाबांच्या वर्गांची बेरीज दहा कोटींच्या घरात जाते, तर 1964 साली जाहीर झालेल्या आयबीएम 360 या संगणकांच्या मालिकेत साध्या अचूकतेच्या आकड्याला सहा-सात अंकच मिळत, आणि उरलेले अंक गळून पडत. पद्धतीची निवडही यंत्राच्या ताकदीवर ठरे. ट्रुएट, कॉर्नफील्ड आणि कॅनेल या संशोधकांनी 1967 साली फ्रेमिंगहॅममधील सात घटकांचा एकत्रित विचार केला, तेव्हा त्यांनी वारंवार फेऱ्या लागणारी पद्धत न वापरता विभेदक फलनाचा, म्हणजे आजारी आणि निरोगी गट वेगळे ओळखणाऱ्या सूत्राचा, आधार घेतला, ज्यासाठी सरासऱ्या आणि सहप्रसरणे (दोन घटक एकमेकांबरोबर किती बदलतात याची मापे) पुरेशी होती.

आपल्याला एवढीच विनंती आहे, की कार्डांसोबत मूळ प्रश्नावली, संकेतपुस्तिका आणि गठ्ठ्याच्या वर किंवा खाली बांधलेली वेगळ्या रंगाची कार्डेही द्यावीत. ती बहुधा प्रोग्रॅमची कार्डे असतात, आणि कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत काय वाचायचे हे त्यांतील फॉरमॅटच्या ओळीत लिहिलेले असते. संकेतपुस्तिका हरवली असेल, तर त्या एका ओळीवरूनच आम्ही कामाला सुरुवात करतो.