कोकराच्या पोटातले जंत: औषधाची बाटली उघडण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या दुकानात एकच मागणी येते: “सगळ्या वाड्यातल्या मेंढरांना पुरेल एवढं जंताचं औषध द्या.” औषध विकणं हा आमचा धंदाच आहे. तरीही बाटली देण्याआधी आम्ही कोकरांचं वय विचारतो, पापण्या पाहिल्या का म्हणून विचारतो आणि लेंड्या आणायला सांगतो. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावकडच्या मेंढपाळांनी त्यामागचं कारण समजून घ्यावं, म्हणून हे पत्रक. वाड्यावर कोकरं बहुतेक घरच्या बायाच सांभाळतात. त्यांनाही वाचून दाखवा.

लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की मंडळी घाबरून येतात. ते फीतकृमी. त्यांच्यामुळे कोकरू सहसा दगावत नाही. जीव घेणारा जंत लेंडीत डोळ्यांना दिसतच नाही. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. शास्त्रीय नाव हिमोंकस; मादी लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर, म्हणजे थेंबभर रक्त ओढतो. हजार जंत असले तर रोजचं 50 मिलिलिटर गेलं. 15 किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं लिटरभर! हगवण बहुधा लागत नाही. कोकरू मागे पडतं, पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते, आणि एका सकाळी ते वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, पडलेलं सापडतं.

एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी टाकते. पावसाळी उबेत आठवडाभरात त्यांच्या अळ्या चरण्याच्या गवतावर चढतात, त्याही खालच्या चार बोटांत जास्त. पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत त्या स्वतः अंडी घालू लागतात. दव सुकल्यावरच कळप सोडायचा, ही जुन्या माणसांची रीत म्हणूनच पाळण्यासारखी आहे.

आता मुख्य गोष्ट. चिकातून कोकराला बऱ्याच रोगांपासून संरक्षण मिळतं, पण जंतांपासून फारसं नाही. ही ताकद त्याला स्वतः कमवावी लागते. थोडे थोडे जंत पोटात जात राहतात, शरीर त्यांना ओळखायला शिकतं, आणि पाच-सहा महिन्यांनंतर ते अळ्यांना टिकू देत नाही, टिकलेल्या माद्यांची अंडीही कमी होतात. ताकद पुरती यायला वर्ष लागतं. तोवर कोकरू जगवायचं आहे, पण त्याचं पोट कायम जंतमुक्त ठेवायच्या मागे लागायचं नाही. दर महिन्याला सरसकट पाजलं तर औषधाला न मरणारे जंतच मागे उरतात आणि पुढे तेच वाढतात. अंदाजाने कमी पाजलं तरी तेच. कोकरू काट्यावर तोला, मग डोस ठरवा.

खुराकाशिवाय ही ताकद येत नाही. त्यासाठी प्रथिनं लागतात. पेंड मोजकीच असेल तर आधी दूध तुटलेल्या कोकरांना आणि विणाऱ्या मेंढ्यांना द्या. विण्याच्या सुमारास मेंढीची स्वतःची ताकदही ढिली पडते. विण्याआधी दोन आठवड्यांपासून पुढे सहा-आठ आठवडे तिच्या लेंड्यांत अंडी वाढतात, आणि नेमकं तेव्हाच कोकरू पहिलं गवत तोंडात घेतं.

ही ताकद थोडी वंशातूनही येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासात दख्खनी मेंढीचा बंगालच्या गरोल जातीशी संकर केलेल्या कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी सापडली होती. ज्याला सारखं औषध पाजावं लागतं, असा नर पैदाशीला ठेवू नका.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. महिना-दोन महिन्यांच्या कोकराला रक्ती हगवण लागली तर ती बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची असते. जंताचं औषध तिथे काहीच करत नाही. ओली, कोंदट जागा बदला आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरी फसगत आपल्या नाशिकची: साठवणीच्या चाळीतला खराब कांदा मेंढरांना भरपूर घातला तरी रक्तपेशी फुटतात आणि पापणी पांढरी पडते. लघवी लालसर किंवा काळपट दिसली तर आधी कांदा बंद करा. गाभण मेंढीला कुठलंही औषध विचारल्याशिवाय पाजू नका. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध तर गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात नकोच.

दर पंधरवड्याला, भर पावसात आठवड्याला, कोकरांची खालची पापणी उजेडात खाली ओढून पाहा. लालबुंद असेल तर सोडून द्या. फिकट असेल त्यालाच औषध.

तपासणीसाठी दहा कोकरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत, हवा काढून, सावलीत ठेवून त्याच दिवशी आणा. उन्हात राहिल्या तर अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. औषधानंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच कोकरांच्या लेंड्या पुन्हा आणा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील, तर तुमच्या वाड्यावर ते औषध आता पुरतं लागू पडत नाही. तीच बाटली आम्ही पुन्हा देणार नाही.