बीएसएफ रेडिओ मेकॅनिक भरती: फॉर्म कोण भरू शकतं, कागद काय लागतात

बीएसएफच्या चौक्यांवरचे वायरलेस सेट बसवायचे, बिघडले की उघडून दुरुस्त करायचे, हे काम हेड कॉन्स्टेबल (रेडिओ मेकॅनिक) म्हणजे आरएम करतो. 2025 च्या जाहिरातीत आरएमच्या 211 जागा होत्या आणि रेडिओ ऑपरेटरच्या 910, पगार लेव्हल 4, म्हणजे बेसिक 25,500 पासून.

शिक्षणाचे दोन रस्ते आहेत. एक, बारावी सायन्स आणि फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून 60 टक्के, इथे बरेच जण पूर्ण बारावीची टक्केवारी धरून बसतात, ती नाही चालत, फक्त हे तीन विषय. दुसरा, दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय, रेडिओ-टीव्ही, जनरल इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिशियन, फिटर वगैरे, पूर्ण यादी जाहिरातीत असते आणि तुमच्या ट्रेडचं नाव तिच्यात आहे का ते आधी बघा. वय 18 ते 25, ओबीसीला 3 वर्षं सूट, एससी-एसटीला 5.

अर्ज फक्त ऑनलाइन, बीएसएफच्या भरतीच्या साइटवर. मागच्या वेळी फी 100 रुपये होती, मुलींना आणि एससी-एसटीला माफ.

आता कागद. दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारीख त्यावरूनच धरतात), बारावीची किंवा आयटीआयची मार्कशीट, डोमिसाइल, फोटो, सही. आणि जातीचा दाखला, आपल्याकडची पोरं अडकतात ती इथेच, कारण सेतूतून राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, ओबीसीला नॉन क्रिमीलेअरही त्याच नमुन्यात. एसईबीसी हा राज्याचा मराठा आरक्षणाचा प्रवर्ग तर केंद्रात नाहीच, त्यामुळे मराठा उमेदवारांनी ओपनमधून फॉर्म भरायचा किंवा बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मधून. मराठ्यांना उंचीत थोडी सूट असते पण तिचा दाखला वेगळा, त्याचा नमुना जाहिरातीच्या शेवटी असतो. तहसीलला चकरा होतात, म्हणून हे सगळं जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवा.

2025 ला आधी मैदानी होती: उंची मुलांना 168 सेंमी, मुलींना 157, मुलांना 1.6 किमी साडेसहा मिनिटांत, मुलींना 800 मीटर 4 मिनिटांत, शिवाय लांब उडी, उंच उडी. मग कॉम्प्युटरवर 200 मार्कांचा पेपर, 100 प्रश्न, त्यातले 40 एकट्या फिजिक्सचे, चुकलं की पाव मार्क कट. आयटीआयवाल्यांनी बारावीचं फिजिक्स आत्तापासूनच हातात घ्या. डिक्टेशन फक्त ऑपरेटरला असतं, आरएमला थेट कागद तपासणी आणि मेडिकल.