ओव्हरक्लॉकिंग : डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि रॅम

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने प्रोसेसरला किंवा रॅमला जो स्पीड ठरवून दिलाय त्याच्या वर तो पार्ट मुद्दाम चालवणं. बोलताना सगळे नुसतं "ओसी केलं" म्हणतात. काम बहुतेक वेळा बायोसमधूनच होतं, म्हणजे पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबल्यावर जो स्क्रीन येतो तिथून, आणि दरवेळी नवा पार्ट घ्यावा लागतो असंही नाही. मराठवाड्यात हे करणारे दोन प्रकारचे लोक दिसतात, एक गेम खेळणारी पोरं आणि दुसरे लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारे, ज्यांना लग्नसराईत रात्र-रात्र रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल काढणं) लावून बसावं लागतं. इंटरनेटवर जे आकडे मिळतात ते बहुतेक २०-२२ अंशाच्या खोलीतले असतात, आणि आपल्याकडे परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. त्यामुळं ते आकडे जसेच्या तसे उचलायचे नाहीत, आणि या नोंदीत त्या उन्हाळ्याचा हिशोब धरूनच सगळं लिहिलंय.

ठोका कसा वाढतो

प्रोसेसरला मदरबोर्डकडून एक मूळ ठोका मिळतो, त्याला बेस क्लॉक म्हणतात, आजकाल तो जवळजवळ सगळीकडं १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला मल्टिप्लायरने गुणलं की स्पीड निघतो, मल्टिप्लायर ४५ असेल तर ४.५ गिगाहर्ट्झ. ओसी करताना मल्टिप्लायर वाढवतात, बेस क्लॉकला सहसा हात लावत नाहीत, कारण बऱ्याच बोर्डांवर त्याच्यासोबत बाकीच्या जोडण्यांचा ठोकाही सरकतो आणि भलतीकडंच बिघाड सुरू होतो.

मर्यादा कुठं येते ते लेझीम बघितलेल्या माणसाला लगेच कळेल. हलगीवाला ठेका वाढवत जातो, सगळे खेळत राहतात, मग एका क्षणी त्यातला जो सगळ्यात सावकाश आहे त्याचं पाऊल चुकतं आणि अख्खी रांग विस्कटते. चिपमध्येही तसंच, एका ठोक्यात जेवढं काम संपायला पाहिजे तेवढं सगळ्यात लांबच्या वाटेवरच्या सिग्नलला जमलं नाही की गणित चुकतं, पीसी हँग होतो नाहीतर निळा स्क्रीन येतो. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर जलद उघडझाप करतात म्हणून थोडा स्पीड अजून मिळतो. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत, एक कमी व्होल्टेजवर ४.८ घेते आणि दुसरी जास्त देऊनही ४.६ ला अडते, याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. म्हणून मित्राची सेटिंग आपल्या पीसीवर छापायची नाही.

सगळ्या प्रोसेसरला हे करता येत नाही. इंटेलमध्ये साधारण नावाच्या शेवटच्या अक्षरांत 'के' असलेल्या चिपाच उघड्या, म्हणजे मल्टिप्लायर बदलता येणाऱ्या, असतात आणि सोबत झेड सिरीजचा बोर्ड लागतो. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेक चिपा उघड्या, बी आणि एक्स सिरीजच्या बोर्डवर चालतं, ए सिरीजवर नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी सारखी एखादी चिप मात्र कंपनीनेच बंद ठेवलेली आहे.

थोडं मागचं

१९९८ चा सेलेरॉन ३००ए जुन्या लोकांना अजून आठवतो. त्याचा मल्टिप्लायर ४.५ ला बंद होता, पण बस, म्हणजे तेव्हाचा मूळ ठोका, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, आणि बऱ्याच जणांचा पळायचाही. त्याच्यानंतर एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्यूरॉनचा काळ आला, तेव्हा चिपवरचे तुटक बिंदू साध्या पेन्सिलने जोडून मल्टिप्लायर उघडायचे, कारण पेन्सिलीच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. २०११ च्या कोअर आय५-२५००के ने हे काम सामान्य माणसाच्या हातात दिलं, ३.३ ची चिप साध्या टॉवर कूलरवर ४.५ पर्यंत जायची. आता तसं राहिलेलं नाही, टर्बो बूस्टच्या (गरज पडली की चिप स्वतःच स्पीड वाढवते त्याच्या) नावाखाली कंपन्याच चिप जवळजवळ टोकापर्यंत ताणून विकतात, आपल्यासाठी शिल्लक फार थोडं ठेवतात.

रेकॉर्डची दुनिया वेगळी. २०११ मध्येच एएमडीच्या एफएक्स चिपने द्रवरूप हेलियम ओतून ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठलं होतं, अलीकडं इंटेलच्या चिपा ९ च्या वर गेल्यात. बरेच जण द्रवरूप नायट्रोजन वापरतात, उणे १९६ अंशाचा. हा नायट्रोजन आपल्या गावोगावी आहेच, जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत बुडवून ठेवतात तोच. पण ते रेकॉर्ड काही मिनिटांचे असतात, रोजच्या कामाचा त्यांच्याशी संबंध नाही.

उष्णतेचा हिशोब

चिपची उष्णता साधारण स्पीडच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.५ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालायलंय आणि तुम्ही ४.९ साठी १.३५ व्होल्ट दिलं, तर स्पीड वाढला ९ टक्के आणि उष्णता वाढली जवळजवळ ३८ टक्के. हा एक हिशोब नीट डोक्यात बसला तर ओसीमधल्या निम्म्या चुका होणारच नाहीत असं मला मनापासून वाटतं, कारण शेवटचे एक-दोन पॉइंट स्पीड काढायला लोक व्होल्टेज ओततात आणि तिथंच सगळा घोळ होतो.

आता खोलीचं बघा. कूलर कोणताही असो, हवेवरचा किंवा पाण्याचा, तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश जायचं ते ठरवतो. एखादा कूलर फुल लोडवर चिप खोलीच्या ५० अंश वर ठेवतो असं धरा. डिसेंबरात खोली २० ला असताना चिप ७० ला बसते, छान वाटतं, आणि तीच सेटिंग मे महिन्यात ४० च्या खोलीत ९० ला जाते. इंटेलच्या बऱ्याच चिपांची मर्यादा १०० आहे, रायझन ७००० ची ९५, तिथं पोचलं की चिप स्वतःच स्पीड कमी करते, म्हणजे केलेल्या ओसीचा उपयोग शून्य. म्हणून आपल्याकडं सेटिंग ठरवायची ती वैशाखातल्या दुपारी तीन वाजता टिकेल अशी.

घरातला वाळ्याचा कूलर चालू असेल तर फरक पडतो, आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यानं खोली चांगली उतरते. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घ्यायचा नाही, त्याच्यात पाण्याचे तुषार असतात आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बोर्डवर बसतो. स्वतः जोडलेल्या वॉटर कूलिंगच्या लूपमध्येही बोअरचं पाणी कधीच नाही, डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ न धरण्याचं औषध किंवा तयार कूलंट. धूळ तर आपल्या काळ्या मातीची, त्यात सेलू, मानवत, जालना अशा जिनिंगच्या गावांत कापसाच्या सीझनला बारीक तंतू उडतात ते हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांत गादीसारखे बसतात. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा ब्लोअर मारलाच पाहिजे, पंखा मात्र बोटानं धरून.

विजेचं पण सांगितलं पाहिजे. शेतातली मोटार कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ओढते आणि जळते हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, पीसीचा पॉवर सप्लायही तसाच वागतो, भिंतीतून व्होल्टेज कमी आलं की तेवढेच वॅट द्यायला जास्त करंट ओढतो. ओसी केलेल्या पीसीला वॅट जास्त लागतात त्यामुळं हलका सप्लाय इथं पहिला उघडा पडतो. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला, ॲक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर स्वतः सुधारणारा) चांगला सप्लाय घ्या आणि यूपीएसची क्षमता ओसीच्या आधीच्या नाही, नंतरच्या वॅटवर मोजा.

रॅमचं ओसी

माझ्या मते इथं सगळ्यात जास्त फायदा आहे आणि लोक इथंच बघत नाहीत. रॅमच्या पाकिटावर ३२०० किंवा ६००० लिहिलेलं असतं, पण बोर्डवर लावली की ती बऱ्याचदा त्या स्पीडवर चालू होतच नाही, डीडीआर४ असेल तर २१३३ किंवा २६६६ आणि डीडीआर५ असेल तर ४८०० असल्या डिफॉल्टवर बसते. पाकिटावरचा स्पीड मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅममध्येच साठवलेली स्पीडची तयार प्रोफाइल, चालू करावी लागते, ही इंटेलची पद्धत २००७ पासून आहे, आणि डीडीआर५ सोबत २०२२ मध्ये एएमडीने त्याच कामाचं एक्स्पो आणलं. माझा स्वतःचा पीसी दुकानदाराने जोडून दिला तेव्हा ३२०० ची रॅम दोन वर्षं २१३३ वर चालत होती, मला माहितीच नव्हतं, एक क्लिक केलं आणि तोच पीसी वेगळा वाटायला लागला. तुमच्याकडं तपासायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथं स्पीड दिसतो.

नुसता मोठा आकडा बघून रॅम घेऊ नका, सीएल पण बघा. ३२०० म्हणजे खरा ठोका १६०० मेगाहर्ट्झ, कारण डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा टाकते. सीएल१६ म्हणजे १६ ठोक्यांची वाट, म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ पण १० नॅनोसेकंदच, ६००० सीएल३० पण तेवढंच, आणि ३२०० सीएल२२ मात्र १३.७५. रायझन ५००० मध्ये रॅमचा ठोका आतल्या इन्फिनिटी फॅब्रिकसोबत (चिपचे भाग एकमेकांना जोडणारी वाट) एकास एक जुळला तर सगळ्यात चांगलं, ते साधारण ३६०० ला बिनघोर जुळतं, त्याच्या पुढं चिपच्या नशिबावर.

रॅमला उन्हाळा वेगळ्या तऱ्हेनं बाधतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर, तो गळत असतो, म्हणून पुन्हा पुन्हा भरावा लागतो, याला रिफ्रेश म्हणतात. गरम झाला की जास्त गळतो. डीडीआर४ च्या नियमातच आहे की ८५ अंशाच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा. पण हातानं टायमिंग (सीएलसारखे वाट बघायचे आकडे) कसणारे लोक बेंचमार्कसाठी, म्हणजे स्पीड मोजायच्या टेस्टसाठी, दोन रिफ्रेशमधलं अंतर उलट वाढवून ठेवतात, जानेवारीत रात्रभर टेस्ट पास होते, आणि एप्रिलमध्ये झिप फाईल उघडताना एरर, रेंडर ८० टक्क्यांवर बंद, विंडोज अपडेट फेल, असं काहीबाही सुरू होतं आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. रॅमची चूक प्रोसेसरसारखी तोंडावर येत नाही, ती गुपचूप फाईल खराब करते. ज्याच्या पीसीवर दुसऱ्याच्या लग्नाचं शूटिंग आहे त्यानं एक्सएमपीच्या पुढं जाऊ नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

एक्सएमपी-एक्स्पो पण कागदावर ओव्हरक्लॉकच धरतात, वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. आणि २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी च्या काही चिपा जळाल्या तेव्हा कारण निघालं की एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) फार वर नेत होते, मग बायोस अपडेटने ते १.३ व्होल्टला बांधलं. म्हणून आधी बायोस नवीन करा, मग प्रोफाइल चालू करा.

टेस्ट आणि उलटी वाट

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, १०० मेगाहर्ट्झ वाढवायचं, टेस्ट करायची. रॅमला मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५, प्रोसेसरला ओसीसीटी, सिनेबेंच, प्राइम९५, आणि तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो. प्राइम९५ मुळात मर्सेन प्राइम संख्या शोधायचं सॉफ्टवेअर, पण चिप तापवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. रॅममध्ये एक जरी एरर आली तरी ती सेटिंग नापास.

हल्ली मी स्वतः अंडरव्होल्टकडं वळलोय, म्हणजे स्पीड तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. रायझन ५००० पासून पुढं कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सेटिंग आहे, त्यात प्रत्येक कोअरला थोडं उणे दिलं की चिप थंड राहते आणि थंड राहिली म्हणून जास्त वेळ बूस्टवर टिकते. आपल्या हवेत ओव्हरक्लॉकपेक्षा हेच जास्त देतं, आणि चिपचं आयुष्यही खात नाही. जास्त व्होल्टेज चिपचं काय करतं ते २०२४ मध्ये दिसलं, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिपा ओसी न करताही खराब व्हायला लागल्या, मायक्रोकोड (चिपच्या आतला कंपनीचा प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, कंपनीला अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

सेटिंग जास्त झाली आणि स्क्रीनच आला नाही तर घाबरायचं नाही. नवे बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच डिफॉल्टला येतात, नाही आले तर वायर काढून, पॉवर बटण थोडं दाबून धरून, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा किंवा क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसायच्या) दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडायच्या. त्याआधी चालणाऱ्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढलेला पाहिजे, कारण सेल काढला की ती सेटिंग गेलीच आणि बायोस अपडेट केलं तरी बहुतेक वेळा उडते.