लेकरू बुटकं आहे म्हणून त्याला कडेवरच ठेवू नका

आपल्याकडं मायबाप पराटी वेचायला गेले की लहान लेकरू एकतर धुऱ्यावरच्या झोळीत असते नाहीतर आजीच्या कडेवर, आणि जे वयाच्या मानानं बुटकं आहे ते तर जास्तच, कारण दीड वर्षाचं पोर दहा महिन्यांचं दिसते अन् मग सगळे त्याच्याशी तसंच वागतात. माझ्या मते खरं नुकसान इथं होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी निघाली. अपुरा आहार, सारखे जुलाब, गरोदरपणातच आईच्या अंगात रक्त कमी, अशी बरीच कारणं. अशा लेकरात ताकद कमी म्हणून ते कमी रांगते, रडतेही कमी, घरचे म्हणतात किती शांत लेकरू आहे. पण रांगणारं पोर गंजीपाशी जाते, झाकण ओढते, मग कोणीतरी म्हणते "अरे झाकण नको पाडू", असा एकेक शब्द त्याच्या कानावर पडतो. हललंच नाही तर बोलणंही मागं पडते, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे.

जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या टीमनं 9 ते 24 महिन्यांची 129 बुटकी मुलं घेतली. काहींना दुधाचा पूरक आहार दिला, काहींच्या घरी आपल्या आशाताईंसारखी कार्यकर्ती आठवड्यातून एक तास जाऊन आईला लेकरासोबत खेळायला शिकवायची, काहींना दोन्ही दिलं, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. दोन्ही मिळालेली मुलं तेव्हा सगळ्यात पुढं गेली, पण वीस वर्षांनी पाहिलं तर फायदा टिकला तो खेळाचा, त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती! खेळणी काय, तर घरच्याच टाकाऊ वस्तूंची. आहार तर लागतोच, अंडं, डाळ, अंगणवाडीचा खाऊ बंद करू नका, पण नुसत्या खाऊवर भागत नाही.

म्हणून लेकराला चटईवर खाली सोडा, पालथं खेळू द्या, वाटी हाताला लागणार नाही इतकी जरा दूर ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत थोडी तूर टाकून झाकण घट्ट लावलं की खुळखुळा झाला (दाणा बाहेर येणार नाही हे मात्र बघा, घशात अडकतो). भाकर थापताना, आंघोळ घालताना बोलत राहा, लेकरू "बा" म्हणालं तर तुम्हीही "बा" म्हणा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा, मोबाईल हातात देऊन हे होत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलत असतील तर कोरकूतच बोला, शाळेची मराठी नंतर येते.

नऊ-दहा महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, की हाक मारली तर वळूनही पाहत नाही, तर "बुटकं आहे, होईल हळूहळू" म्हणून थांबू नका, अंगणवाडीताईला सांगून तपासणीच्या डॉक्टरांना दाखवा, कानही तपासून घ्या, आणि कान वाहत असेल तर तेही न विसरता सांगा.