कॅलेथिया

मॅरँटेसी कुलातील, पानांच्या नक्षीसाठी घरात लावले जाणारे बहुवर्षायू झाड. मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण, दमट जंगलांतले. तेथे ते उंच वृक्षांच्या सावलीत वाढते. आरारूटाची वनस्पती याच कुलातली. हळद, केळ आणि कर्दळ याच गणातल्या (गण म्हणजे अनेक कुलांचा मोठा गट). २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच्या बहुतेक जाती गोपर्टिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) हलवल्या, पण रोपवाटिकेत आजही कॅलेथियाच मागावे लागते.

पूर्व ब्राझीलमधल्या माकोयाना जातीचे पान उजेडासमोर धरले, तर फिकट पात्यावर गडद हिरव्या लंबगोलांची रांग दिसते, जणू पानातच आणखी पाने रंगवली आहेत. मागची बाजू जांभळट असते. देठ आणि पाते जुळतात तिथे गाठीसारखा फुगीर भाग असतो. त्यातल्या पेशींत पाणी शिरते वा निघून जाते, तशी पाने सायंकाळी उभी होतात व सकाळी पुन्हा पसरतात. लाजाळूची पाने मिटतात त्यामागेही हीच युक्ती आहे. दिवेलागणीला हिरवे दिसणारे झाड रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत जांभळे झालेले असते.

या झाडाला हवेत भरपूर ओलावा लागतो, मातीत चिखल नव्हे, आणि पुष्कळ कॅलेथिया हा फरक न कळल्याने मरतात. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली की ते खुशीत राहते. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात वेगळे काही करावे लागत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र पानांच्या कडा करपतात, पाती सुरळीसारखी गुंडाळतात, आणि ते पाहून माणूस आणखी पाणी ओततो. मुळे कुजली तरी पाने अशीच गुंडाळतात, म्हणून आधी मातीत बोट घालून पाहावे. वरचा इंचभर थर सुकला असेल तरच पाणी द्यावे. पानांवर फवारलेल्या पाण्याचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. त्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवणे बरे, किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत, पण थेट झोतात नव्हे. एसी उलट हवा कोरडी करतो.

पानांची टोके तपकिरी होण्यामागे पुष्कळदा पाण्यातले क्षार असतात. बोअरचे जड पाणी टाळून साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. नळाचे पाणी रात्रभर ठेवल्याने क्लोरीन कमी होतो, क्षार जात नाहीत. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पानाच्या आकारानुसार कात्रीने कापून टाकावा. थेट उन्हात पानांचे रंग विटतात, म्हणून खिडकीजवळचा पडद्याआडचा उजेड पुरेसा होतो. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व थोडे पर्लाइट (हलके पांढरे खडे) मिसळले की निचरा चांगला होतो.

कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड लवकर लागते. पानामागे बारीक जाळी दिसताच पाने ओल्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. नवी रोपे गड्डा विभागून होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला, प्रत्येक तुकड्याला मुळे व दोन-तीन पाने राहतील असा गड्डा फोडावा. फोडलेले रोप पहिले काही आठवडे मलूल दिसते.