मीटर ‘पीं’ म्हणतो, तरी पंख्याला दम नाही

मे महिन्यातली दुपार होती. मावसभावाने स्वतःच्या हाताने जोडलेल्या दोन आसनी गाडीत मी शेजारी बसले होते. ईस्टर्न फ्रीवेवर गाडी मस्त पळत होती आणि तापमानाचा काटा नव्वदच्या आसपास स्थिर होता. चेंबूरला खाली उतरलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि चार-पाच मिनिटांत काटा शंभरच्या पुढे गेला. समोर पंखा लागल्याचा आवाज येत होता, पण त्यात जोर नव्हता. भाऊ कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “ताई, रेडिएटरच बदलून टाकतो. मोठा बसवतो.”

मी त्याला थांबवलं. गाडी पळताना गार आणि थांबल्यावर गरम होत असेल, तर निम्मं निदान तिथेच झालेलं असतं. पळत्या गाडीच्या रेडिएटरवर वारा आपोआप आदळतो. तेव्हा काटा जागेवर राहतो, म्हणजे पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडतोय आणि रेडिएटर उष्णता बाहेर टाकतोय. थांबल्यावर वारा आणायचं काम एकट्या पंख्याचं असतं. उलट फ्रीवेवर वेगात असतानाच गाडी तापली असती, तर मी आधी रेडिएटरकडे, पाण्याच्या पंपाकडे आणि होजपाइपकडे बघितलं असतं.

ही गाडी कसली, तेही सांगायला हवं. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची हलकी, उघडी गाडी बाजारात आणली. स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, वरून पातळ पत्रे आणि वजन जेमतेम पाचशे किलो. ती सुट्या भागांतही मिळायची, कारण ब्रिटनमध्ये तयार गाडीवर लागणारा खरेदीकर सुट्या भागांवर लागत नसे. घरी गाडी जोडण्याच्या हौसेला तिथून मोठं बळ मिळालं आणि आज जगभर तिच्या प्रतिकृती बनतात. भावाची गाडी त्यातलीच एक. सांगाडा वेल्डिंग करून घेतलेला, पुढचं नाक आणि मडगार्ड फायबरचं, इंजिन एका जुन्या हॅचबॅकचं आणि वायरिंग पूर्ण घरचं.

अशा गाडीला मुंबईत गरमी जास्त जाणवते, यात नवल नाही. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर इंग्लंडातली १५ अंशांची हवा असेल, तर फरक ८० अंशांचा. मुंबईत हवा ३४ अंशांवर असेल, तर फरक उरतो ६१. तोच रेडिएटर, तोच पंखा आणि काम सुमारे चौथ्या हिश्शाने कमी. ट्रॅफिकमध्ये डांबराची आणि पुढच्या बसची गरम हवा नाकात शिरली की फरक आणखी घटतो. म्हणजे थंड देशातला आराखडा इथे आणला की हाताशी राखीव असं फारसं काही उरत नाही. पंखा थोडा जरी मंद झाला तरी लगेच कळतं.

पंखा मंद का होतो, हे शोधायला रविवारी सकाळी गाडीचं नाक उघडून बसलो. शेजारचे वायरमन काकाही आले. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज पोचते का ते दाखवणारा छोटा दिवा, लावला, तो पेटला. भावाने मल्टिमीटर बझरवर ठेवून पंख्याची अर्थ वायर, म्हणजे सांगाड्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट, तपासली, मीटर ‘पीं’ वाजला. “बघ, अर्थ बरोबर आहे,” तो म्हणाला. आणि गाडीच्या वायरिंगमधला सगळ्यात मोठा घोळ नेमका इथेच होतो.

बझर काय तपासतो? मीटर आपल्या छोट्या बॅटरीतून अगदी क्षुल्लक करंट सोडतो आणि तो परत आला की वाजतो. बऱ्याच मीटरमध्ये जोडात वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बझर वाजतो. आता पंख्याचा हिशोब बघा. पंखा १२ अँपिअर करंट घेतो. वाटेत फक्त ०.२ ओहमचा अडथळा असेल, तरी १८२७ साली ओहमने मांडलेल्या नियमाप्रमाणे १२ गुणिले ०.२, म्हणजे २.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. ओहमच्या रेंजवर मोजून हा ०.२ ओहम पकडता येईल असंही नाही, कारण साध्या मीटरच्या लाल-काळ्या वायरींचा स्वतःचा अडथळाच तेवढा असतो. वायरीच्या तीस तारांपैकी एकच तार शाबूत असली, तरी बझर वाजेल आणि टेस्ट लॅम्पही पेटेल. पंख्याचा भार मात्र त्या एका तारेला पेलणार नाही.

म्हणून जोड तपासायचा तो करंट वाहत असताना. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे, कारण चांगले पंखे, चांगले रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि चांगले रेडिएटर उगाच बदललेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवलं आणि पंखा लागेपर्यंत वाट बघितली. हात, ओढणी, वायरी सगळं पंख्यापासून लांब. रेडिएटरच्या झाकणाला तर गरम असताना कुणीही हात लावायचा नाही. ते झाकण आतला दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण एक बार (बार हे दाबाचं एकक) जास्त ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून अंगावर येतं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं. १३.८ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग नीट करतोय. मग पंख्याच्या कनेक्टरवर मोजलं. १०.६ व्होल्ट. वाटेत ३.२ व्होल्ट हरवले होते. ते कुठे, हे शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी पंख्याच्या पॉझिटिव्हवर लावली. ०.७ व्होल्ट. थोडं जास्त, पण चालण्यासारखं. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पंख्याच्या निगेटिव्हवर. आदर्श वायरिंगमध्ये इथे जवळपास शून्य दिसायला हवं. मीटरने २.५ दाखवले.

काका काही न बोलता वाकले आणि रेडिएटरखालच्या सांगाड्याच्या पाइपवरचा अर्थ बोल्ट बोटाने चाचपू लागले. लगेच हात मागे घेतला. “तापलाय बघ.” तापणारच. अडीच व्होल्ट गुणिले बारा अँपिअर म्हणजे तीस वॉट. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं असतं. एवढी उष्णता एका बोल्टखाली तयार होत होती.

गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि बोल्ट सोडवला. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, वरून पितळी दिसत होतं, पण खालची बाजू तपकिरी-काळी, कडेला हिरवट बुरशीसारखा थर. वायरचं प्लास्टिक थिंबलपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झालं होतं, वाकवलं तर तडकलं. थिंबल जिथे टेकत होतं तिथे सांगाड्यावरचं चकचकीत काळं पावडर कोटिंग जसंच्या तसं होतं. पावडर कोटिंग म्हणजे भाजून घट्ट केलेलं प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. मग करंट जात कुठून होता? बोल्टच्या आट्यांमधून. आट्यांवर गंज चढला आणि ती वाटही अरुंद झाली.

कारखान्यातल्या गाडीत पत्र्याची अख्खी बॉडी निगेटिव्हचं काम करते आणि अर्थच्या जागा रंग न चढवता ठेवलेल्या असतात किंवा तिथे दातेरी वॉशर रंग खरवडून आत शिरतो. हौसेने बनवलेल्या गाडीत सांगाडा आधी रंगून चकाचक होतो आणि वायरिंग शेवटी होतं. फायबरच्या भागांतून तर वीज जातच नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर न्यावी लागते. त्यात मुंबईची खारट, दमट हवा. तांबं, पोलाद आणि मधे मिठाचं पाणी एकत्र आले की छोटा विद्युत घट तयार होतो आणि त्यात पोलाद झिजत जातं. एक पावसाळा पुरतो.

या एका बोल्टने आणखी एक कोडं सुटलं. रात्री हेडलाइट लावले की तापमानाचा काटा उडी मारायचा आणि भाऊ धसकायचा. इंजिन खरंच एका सेकंदात दहा अंश तापू शकतं का? गाडीत सहा लिटर पाणी धरा. ते दहा अंश तापवायला सुमारे २५० किलोज्यूल लागतात, इंजिनच्या धातूचं वेगळंच. एका सेकंदात एवढी उष्णता द्यायची तर २५० किलोवॉट हवेत, आणि नुसतं उभं असलेलं इंजिन पाण्याला देतं जेमतेम काही किलोवॉट. काटा सावकाश चढला तर उष्णतेचा विचार करा, टुणकन उडाला तर वायरिंगचा. हेडलाइट, तापमानाचा काटा आणि पंखा तिघांनाही अर्थ याच बोल्टवरून होता. हेडलाइटचे नऊ अँपिअर वाढले की बोल्टवरचे व्होल्ट आणखी चढायचे, काटा हलायचा आणि पंखा अजून मंद व्हायचा.

पॉलिश पेपरने कोटिंग खरवडून लखलखीत धातू काढला, नवं थिंबल दाबून बसवलं, दातेरी वॉशर लावला आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन चोपडलं. पंख्यासाठी एक स्वतंत्र जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. पुन्हा मोजलं तेव्हा निगेटिव्हच्या बाजूला फक्त ०.१ व्होल्ट आणि पंख्याला १२.७. आवाजच बदलला. वेग साधारण एक पंचमांशाने वाढला. हवाही तेवढीच वाढली, पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेदोन पट. वायरीभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर करंट १२ वरून १७ अँपिअरवर गेला होता.

हा आकडा मी तेव्हाच गांभीर्याने घ्यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, “ताई, फ्यूज गेला.” फ्यूज १५ अँपिअरचा होता. खराब अर्थ पंख्याला उपाशी ठेवत होता, म्हणूनच तो फ्यूज इतके दिवस टिकला. अशा वेळी नुसता मोठा फ्यूज लावण्याचा मोह होतो, तो टाळा. फ्यूज पंख्याला नव्हे, वायरला वाचवण्यासाठी असतो. आधी वायर जाड करायची, मगच फ्यूज वाढवायचा.

त्यासाठी पॉझिटिव्हची वाट उलगडली आणि दुसरा दोष सापडला, ज्याबद्दल भाऊ लाजून बोलतच नव्हता. पंखा चालू असताना चावी फिरवून गाडी बंद केली, तर इंजिन आणखी दोन-तीन सेकंद सुरूच राहायचं. काकांनी रिले बघितला. रिलेवर आकडे असतात: ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या चुंबकाची कॉइल, ३० म्हणजे करंट आत येतो ते टोक, ८७ म्हणजे पंख्याकडे जातो ते. इथे ३० नंबरला बॅटरीवरून थेट वायर यायला हवी होती, ती इग्निशनच्या, म्हणजे चावीने चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घेतली होती. चावी बंद केली तरी पंख्याची पाती लगेच थांबत नाहीत, आणि फिरणारी मोटर म्हणजेच जनरेटर. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात संशोधक झेनोब ग्राम यांच्या यंत्रांनी हेच दाखवलं होतं: एक यंत्र फिरवलं आणि त्याच्या विजेवर तसंच दुसरं यंत्र मोटर म्हणून फिरलं. भावाच्या गाडीत पंख्याची वीज रिलेतून उलटी इग्निशनच्या लाइनवर येत होती. तीच रिलेची कॉइल धरून ठेवायची आणि तीच इंजिनला ठिणगीही पुरवायची. पंख्याचा वेग उतरला की मगच सगळं थांबायचं.

बॅटरी मागे डिकीत, पंखा पुढे नाकात, मधे चार मीटर. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दर मीटरला ०.०१७ ओहम अडथळा करते, चार चौरस मिलिमीटरची त्याच्या चौथा हिस्सा. काकांनी चारची वायर बॅटरीवरून २५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट रिलेच्या ३० नंबरला आणली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवला, म्हणजे पुढे कुठेही वायर घासून शॉर्ट झाली तरी तो आधी उडेल. इग्निशनवर राहिली ती फक्त रिलेची कॉइल, जिला अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो. चावी बंद केली की कॉइल सुटते, रिले उघडतो आणि पंख्याची वीज आतल्या आत संपते.

शेवटी वर्तमानपत्राचा अर्धा कागद फाडून चालू पंख्यासमोर रेडिएटरच्या जाळीवर धरला. पंख्याच्या वायरी उलट्या लागल्या तर तो हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो आणि कागद उडून येतो. आमचा कागद जाळीला चिकटून बसला. फक्त वरचा कोपरा फडफडत होता. तिथे रेडिएटर आणि फायबरच्या नाकामध्ये दोन बोटांची फट होती, म्हणजे समोरून आलेली हवा जाळीतून न जाता बाजूने पळत होती. ती फट फोमच्या पट्टीने बुजवली.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता, तीच दुपार. सिग्नलला काटा ९३ वर गेला, पंखा लागला, ८८ वर उतरला, पंखा थांबला. भावाने नाकाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: बॅटरी १३.८, पंखा १३.२, अर्थ ०.१, करंट १९. पाऊस ओसरला की सप्टेंबरात तेच चार आकडे पुन्हा मोजायचे ठरलंय.