स्नॅपशॉट व बॅकअप (आभासी यंत्रांचे)

हायपरव्हायझरच्या (एकाच संगणकावर अनेक यंत्रे चालवणाऱ्या आज्ञावलीच्या) आधाराने चालणाऱ्या आभासी यंत्राची (बोलीत ‘व्हीएम’) विशिष्ट क्षणाची स्थिती गोठवून ठेवणे म्हणजे स्नॅपशॉट. त्याच यंत्राची मूळ साठ्यापासून वेगळी आणि स्वतःच्या बळावर पुन्हा उभी राहू शकणारी प्रत म्हणजे बॅकअप. व्यवहारात दोहोंची सरमिसळ होते व त्यातूनच बहुतेक नुकसान ओढवते. जुन्या दफ्तरांच्या भाषेत बॅकअप ही अस्सलबरहुकूम नक्कल होय. स्नॅपशॉट ही नक्कल नव्हेच. ती अस्सल कागदातच घातलेली खूण आहे आणि कागद गेला की खूणही जाते.

उगम : आभासी यंत्राची कल्पना आयबीएमच्या सीपी-४० (सु. १९६७) या प्रणालीपर्यंत मागे नेता येते. २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेल्या व्हीएम/३७० मुळे ती रूढ झाली. स्नॅपशॉटचे मूळ मात्र वादाचे आहे. एक मत ते सु. १९७० च्या टेनेक्स प्रणालीतील स्मृतिपृष्ठांच्या (संगणकाच्या स्मृतीच्या ठरावीक तुकड्यांच्या) वाटणीत शोधते : दोन प्रक्रियांनी एकच पृष्ठ वापरायचे आणि कोणी त्यावर लिहू लागले, तरच त्याची वेगळी प्रत करायची. दुसरे मत साठवणयंत्रांकडे बोट दाखवते. नेटॲप (स्थापना १९९२) या कंपनीच्या वॉफल फाइलप्रणालीत जुन्या खंडावर (चकतीवरील माहितीच्या तुकड्यावर) कधीच लिहिले जात नाही. त्यामुळे जुना मूळदर्शक (सारे खंड कोठे आहेत हे सांगणारी मुळाची नोंद) जपून ठेवला की स्नॅपशॉट झाला. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये ही रचना मांडली. शब्दाचा प्रसार बहुधा येथूनच झाला असावा.

आभासी यंत्रापुरते पाहिल्यास तिसरा धागा अधिक जवळचा वाटतो. आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन या आज्ञावलीच्या (१९९९) आरंभीच्या आवृत्त्यांत चकतीला ‘अनडूएबल’ ठेवण्याची सोय होती. दिवसभराचे सारे लेखन ‘रीडू’ नावाच्या वेगळ्या फाइलीत साठे आणि यंत्र बंद करताना ते ठेवायचे की टाकून द्यायचे, हे विचारले जाई. २००३ च्या चौथ्या आवृत्तीत याच सोयीला स्नॅपशॉटचे रूप आले व २००५ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक स्नॅपशॉटांची शाखायुक्त मांडणी शक्य झाली. पुढेही तंत्रज्ञांच्या बोलण्यात ‘रीडू लॉग’ हा शब्द टिकला, हे या मताला पोषक आहे.

यंत्रणा : व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेताच मूळ चकतीची फाइल केवळ वाचनासाठी उरते आणि नवे लेखन ‘डेल्टा’ फाइलीत जाते. याला सर्रास ‘कॉपी-ऑन-राइट’ म्हणतात, ते काटेकोर नाही. त्या पद्धतीत जुना खंड आधी बाजूला उतरवून मग मूळ जागी नवे लिहितात, जसे लिनक्सच्या एलव्हीएम या साठा-व्यवस्थापकातील पारंपरिक स्नॅपशॉटांत घडते. व्हीएमवेअरमध्ये जुने जागीच राहते व नवे वळवले जाते. म्हणून ‘रीडायरेक्ट-ऑन-राइट’ हे नाव अधिक योग्य. भेद केवळ शब्दांचा नाही. एलव्हीएममध्ये राखीव जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो, पण मूळ खंड चालू राहतो. व्हीएमवेअरमध्ये साठा भरला की चालते यंत्रच थांबते.

डेल्टा फाइल वाढत वाढत मूळ चकतीएवढी होऊ शकते. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटांच्या साखळीत कमाल ३२ स्नॅपशॉट चालत असले, तरी दोन-तीनच ठेवावेत आणि एकही ७२ तासांपलीकडे ठेवू नये, अशी व्हीएमवेअरची शिफारस आहे. ‘डिलीट’ आणि ‘रिव्हर्ट’ यांत नवशिक्यांची गफलत होते : डिलीटने डेल्टा मूळ फाइलीत मिसळते व आजचे काम राहते; रिव्हर्टने ते पुसले जाते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीत याच सोयीला चेकपॉइंट म्हणतात.

सुसंगती : चालू यंत्राचा स्मृतीविना घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे वीज अचानक गेल्यावर चकतीवर जे उरते ते. डेटाबेस अशा स्थितीतून बहुधा सावरतो, पण त्यावर विसंबणे बरे नव्हे. विंडोजमधील व्हीएसएस ही स्नॅपशॉटसाठीची सेवा लेखन क्षणभर थोपवून अर्धवट नोंदी पूर्ण करवते. मागे परतण्याचे धोके निराळे आहेत. टॅल गारफिंकेल व मेंडेल रोझेनब्लम यांनी २००५ मध्येच दाखवले होते, की काळ सरळ पुढे जातो हे सुरक्षाव्यवस्थांचे गृहीतक रिव्हर्टने मोडते : एकदा वापरलेले यादृच्छिक अंक पुन्हा वापरले जातात, लावलेल्या दुरुस्त्या नाहीशा होतात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (जाळ्यातील वापरकर्त्यांच्या खात्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर) असा मागे नेल्यास बाकीच्या कंट्रोलरांशी त्याचा मेळ तुटे; त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये यंत्रपिढी-ओळखक्रमांकाचा (यंत्र मागे नेले की बदलणाऱ्या क्रमांकाचा) उपाय आला.

सांगलीतील संदर्भ : बॅकअपची आज्ञावली बहुधा तात्पुरता स्नॅपशॉट घेते, गोठलेली फाइल वाचून दुसरीकडे नेते आणि मग तो स्नॅपशॉट काढून टाकते. ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठे, हा प्रश्न कृष्णाकाठी नकाशा समोर ठेवूनच सोडवावा लागतो. तीन प्रती, दोन माध्यमे, एक प्रत बाहेरगावी हा नियम साधारणपणे छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावावर सांगतात, जरी दूरस्थ प्रत ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा शहरात तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच इमारतीत ठेवलेली बॅकअपची चकती या दोन प्रती धरता येत नाहीत. मिरजेचा बराच भाग नदीपासून दूर असल्याने तेथील प्रत पुरातून वाचेल. पण रस्ते व वीज बंद पडल्यास ती हाती येईलच असे नाही. पुणे किंवा सोलापूर येथील प्रत अधिक भरवशाची. सातारा जिल्ह्यात पाटणकडे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण ठेवून अंतर ठरवणे इष्ट.

कोयना धरणाचा विसर्ग कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीस पोचेपर्यंत काही तास हाती असतात. त्या घाईत ताज्या तारखेची, आकाराने लहान फाइल उतरवून घेण्याचा मोह होतो. ती डेल्टा असते. मूळ फाइल व मधल्या सर्व डेल्टा सोबत नसतील, तर ती उघडत नाही; म्हणून पावसाळ्याआधीच साखळी मिसळून घ्यावी आणि बाहेरगावची प्रत एकदा दुसऱ्या यंत्रावर चालू करून पाहावी.